लेकराचे खरे बोलणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘मुलांचे विवाह व पालकांचे कर्तव्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्ता माझ्यापाशी नाही. म्हणून उपदेश न करता, स्वतःच्या घरात घडले तेच आपणांपुढे ठेवतो. मुलाची संमती घेऊनच मी हे बोलत आहे.

आमचे घर वारकरी. चार वर्षांपूर्वी आषाढी एकादशीच्या रात्री, हरिपाठ आटोपल्यावर, माझा धाकटा मुलगा म्हणाला, “अण्णा, मला मुलीशी लग्न करता यावयाचे नाही. माझ्या मनाची ओढ पुरुषाकडे आहे, आणि ती कळू लागल्यापासूनची आहे.” त्याची आई देवघरापुढे मटकन खाली बसली. मी ‘पूर्वजन्मीचे पाप’ असा शब्द उच्चारला. तो शब्द आजही मला सलतो.

पुढील वर्ष कठीण गेले. आईने नवस बोलले, संकष्ट्या धरल्या. मी त्यास एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ‘सुधारणा’ होईल असे सांगून पैसे घेतले. मुलगा मात्र खंगत चालला. अखेरीस, लग्न झाले की सारे सुरळीत होईल, या समजुतीने मी आपल्याच मंडळाच्या वधूवर सूचीचा अर्ज त्यास न विचारता भरला. तो कागद त्याच्या हाती लागला. तो रागावला नाही, एवढेच म्हणाला, “अण्णा, त्या मुलीने आपले काय वाईट केले आहे?”

बंधूंनो, या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. छत्तीस वर्षे मी वर्गात ‘खरे बोलावे’ हा पाठ शिकविला. आणि माझे लेकरू खरे बोलले तेव्हा मीच त्यास खोटा संसार मांडावयास सांगत होतो. त्यात आपल्याच ज्ञातीतील एका कन्येचे आयुष्य होरपळले असते. अर्ज मी त्याच रात्री फाडला.

मग मी वाचू लागलो. समलैंगिकता हा रोग नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच मान्य केले आहे. ती ‘बदलून’ देण्याचे उपचार हे वैद्यकीय व्यवसायातील गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केले. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या अशा संबंधांस गुन्हा ठरविणारा कलम ३७७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. अशा विवाहास मात्र २०२३ च्या निकालाने मान्यता दिली नाही. कलम ३७७ विषयीच्या न्यायालयीन लढ्यात काही आईबाप आपल्या मुलांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले होते. त्यांत आपल्या मराठी रंगभूमीच्या चित्रा पालेकर होत्या. हे वाचून, आपण एकटे नाही, असा धीर आम्हांस आला.

राहिला धर्माचा प्रश्न. १९४७ साली पंढरीचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हाही धर्म बुडेल असे म्हणणारे होते. मंदिर उघडले; धर्म बुडाला नाही. माझी पत्नी तर एके दिवशी सहज म्हणाली, “विठ्ठलाला आपण माउली म्हणतो. मग आईनेच दार लावून घ्यावे, हे त्याला कसे आवडेल?” त्यानंतर घरात वाद उरला नाही. दुःख सारे सरले, असे म्हणणार नाही. ‘धाकट्याचे कधी?’ असे कोणी विचारले की अजून मन चरकते. परंतु विचार करता उमगते, की ती भीती देवाची नसून लोकांची आहे.

म्हणून मंडळास तीन विनंत्या करतो. मुलाच्या वा मुलीच्या स्वतःच्या सहीवाचून सूचीत नाव घेऊ नये. असे मूल बोलते झाले, तर त्यास वैदू, मांत्रिक वा दुरुस्तीची हमी देणारे यांच्या हाती सोपवू नये. आणि ज्या घरी असे घडेल, त्या घरचे हळदीकुंकू व पंगतीचे आमंत्रण थांबवू नये.

गेल्या आषाढीस मुलगा घरी आला होता. हरिपाठास टाळ त्यानेच धरला. याहून अधिक मी पांडुरंगापाशी काय मागावे?