तान्ह्याचे रडणे आणि स्वमग्नता

शास्त्रीनगरातील आपल्या घरांत तान्हे मूल तिन्हीसांजेला पाय पोटाशी घेऊन रडू लागले की आजीची बाळगुटी निघते. हल्ली तिच्या जोडीला भीतीही निघते : ही स्वमग्नता तर नव्हे? पोटशुळाचे हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढते, तीन-चार महिन्यांत बहुधा ओसरते; त्यातून स्वमग्नता उद्भवते हे सिद्ध झालेले नाही. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली हा विकार वर्णिला आणि पुढे कित्येक वर्षे दोष आईच्या माथी आला. तो अन्याय आपल्या सुनांवर नको. मात्र वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे बोटाने काही दाखवीत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखविण्यास विलंब करू नये. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता अंतर्भूत आहे. अर्जात अडचण आल्यास निःसंकोच यावे. सरकारी कागद हाच आमचा जन्माचा उद्योग!