झोप आणि ऐट



व्याख्यानात झोपेवर बोलणे म्हणजे थोडे धाडसच आहे. विषयाचे प्रात्यक्षिक समोरच्या खुर्च्यांवरच सुरू होण्याचा संभव असतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून बहुधा जागृतीचाच पुकारा झाला. ते योग्यच होते. पण ज्याला धड झोप मिळत नाही तो धड जागाही होत नाही, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे.

आपल्याकडे माणसाची ऐट कपड्यांवरून मोजतात. इस्त्रीचा सदरा, नीट बांधलेला फेटा, चापूनचोपून नेसलेले लुगडे, चकचकीत बूट. आम्ही या टापटिपीचे विरोधक नाही. परंतु बाजारात उभे राहून पाहा. एकाच्या अंगावर साधा धुवट सदरा असतो, तरी माणूस कसा तरतरीत दिसतो. दुसऱ्याचा पोशाख भारी, पण डोळे तांबारलेले, खांदे उतरलेले, आणि शब्दाला शब्द लागला की कपाळाला आठी. कापड दुकानात मिळते. ते अंगावर शोभावे यासाठी जे लागते ते अंथरुणावर मिळते.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. स्टॉकहोम येथील संशोधकांनी २०१० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २३ माणसांची छायाचित्रे दोनदा घेतली : एकदा नेहमीची झोप झाल्यावर, आणि एकदा ३१ तास जागे ठेवल्यावर. तोंडाला प्रसाधन नाही, केस मागे विंचरलेले, उजेड तोच. ही चित्रे ६५ परक्या लोकांना दाखवली. जागरण झालेले तेच चेहरे त्यांना अधिक थकलेले, कमी निरोगी आणि कमी देखणे वाटले. आरशासमोर आपण जे झाकू पाहतो ते परक्याला दिसतेच.

आपल्या वैद्यकाने हे फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार सांगितले आहेत. आज आपण आहाराची चर्चा रोज करतो. निद्रेचा खांब मात्र कुणी हलवून पाहत नाही.

आता कुणी म्हणेल, “भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा! दमलेल्या माणसाला झोपेची काय वाण?” म्हण खरी आहे, पण रात्री. दिवसा हा धोंडा उपयोगी पडत नाही. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, एक चिमुकले घड्याळ आहे. उजेड डोळ्यांत शिरला की ते शरीराला दिवस झाल्याची वर्दी देते. झोपेची वेळ कळवणारे मेलाटोनिन नावाचे द्रव्य आटते आणि शरीराची उष्णता वाढू लागते. या घड्याळाची यंत्रणा पेशींत कशी चालते हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून रात्रभर राबलेला माणूस सकाळी आडवा होतो तेव्हा त्याचे शरीर उलट दिशेने चालू लागलेले असते. त्याची झोप सावध, तुटक आणि आखूड होते. ‘एवढे दमूनही झोप येत नाही’ असे तो म्हणतो, ते लाडाने नव्हे.

हे आम्ही शिरूर-दौंडच्या लोकांना मुद्दाम का सांगतो? कारण या दोन तालुक्यांत रात्र ही सर्वांची नाही. दौंडपासून मनमाडचा लोहमार्ग १८७८ साली खुला झाला, तेव्हापासून दौंड हे जंक्शन झाले. आणि जंक्शनला रात्र नसते. वाफेच्या इंजिनांच्या काळात ‘कॉलबॉय’ घरी येऊन ड्रायव्हर-गार्डांना अपरात्री उठवीत. कॉलबॉय गेले, तरी अपरात्रीची ड्यूटी गेली नाही. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहती पाळ्यांवर चालतात. गळीत हंगामात ऊसतोडणीच्या कोपीत पहाट होण्याआधीच चूल पेटते. आणि ज्या शिवारात शेतीची वीज अजून आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, तेथे रात्रीच्या आठवड्यात शेतकरी बॅटरी घेऊन दारे धरायला उसात उतरतो.

त्या उसात बिबट्या असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर तेथील काही लोक शेतात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा घालू लागल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. पोशाखाविषयी बोलायचे तर याही पोशाखाविषयी बोलले पाहिजे. ज्या माणसाला असा पट्टा घालून घराबाहेर पडावे लागते, त्याच्या घरात त्या रात्री कोण निवांत झोपणार? शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली सुरू झाली. ती केवळ विजेची योजना नाही, शेतकऱ्याची रात्र त्याला परत देण्याची योजना आहे, अशा दृष्टीने तिचा पाठपुरावा गावागावांनी केला पाहिजे.

जागरणाचा धोका एकट्या जागणाऱ्याला नसतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई, रक्तात दर शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहानंतर नगर रस्त्याने किंवा सोलापूर रस्त्याने गाडी हाकणारा निर्व्यसनी गृहस्थ, थेंबही न घेता, झिंगलेल्याच्या पंगतीला बसतो.

आणि घरातल्या स्त्रीचे काय? ज्या घरात एक जण रात्रपाळीला, तेथे गृहिणीला दोन घड्याळे सांभाळावी लागतात. पाळीवरून येणाऱ्याचे जेवण, शाळेत जाणाऱ्याचा डबा, सासू-सासऱ्यांची औषधे. पाळीच्या कामगाराला निदान पाळी संपल्याचा भोंगा असतो. तिचा भोंगा कधी वाजतच नाही. ती ‘जरा पाठ टेकते’ म्हणते तेव्हा तिला कुणी हाक मारू नये, एवढी शिस्त घराने पाळली तर तिच्या चेहऱ्यावरची तुकतुकी कुठल्याही डबीतल्या लेपाशिवाय परत येईल.

विश्रांती ही श्रीमंतांची चैन नव्हे, श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे महाराष्ट्राला नारायण मेघाजी लोखंडे यांनी शिकवले. त्यांच्या चळवळीमुळे १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्यांनी दिवस मिळवून दिला. झोपेचे तास आपण मिळवून द्यावयाचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तो पाळलाच पाहिजे. पण रात्रपाळी करून सकाळी नऊला निजलेल्या माणसाला त्या नियमाचा काय उपयोग? त्याच्या खिडकीखाली भर दुपारी वरातीचा बँड वाजतो, तेव्हा कायदा मोडत नाही, फक्त त्याची झोप मोडते. तिथे कायद्याची नव्हे, शेजारधर्माची गरज आहे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. पाळीवाल्याच्या खोलीला जाड पडदा लावा. उजेड गेला की मेंदूतले घड्याळ थोडे तरी ऐकते. उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा. निजताना हातातला मोबाइल दूर ठेवा. आणि आपल्या आळीत रात्रपाळीला कोण जातो हे माहीत करून घ्या. त्याच्या दारावरून जाताना कर्णा बंद करा.

गावाची ऐट कमानीवरून आणि रोषणाईवरून ठरत नाही. रात्री आपल्यासाठी राबलेल्या माणसाला दिवसा झोपू देणारे गाव, ते ऐटीचे गाव.  आता घरी जा, आणि शांत झोपा.