दुसरी रांग

(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



शाळेच्या हीरकमहोत्सवात दोघांचा गौरव ठरलेलाच असतो. ज्यांनी शिकवले त्यांचा, आणि जे शिकून नावारूपाला आले त्यांचा. सत्काराच्या यादीत ज्यांची नावे सहसा येत नाहीत, असा तिसराही एक वर्ग प्रत्येक शाळेपाशी असतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सतरंज्या अंथरणारे, इमारतनिधीची पावतीपुस्तके घेऊन घरोघर फिरणारे आणि शाळा सोडून तीस वर्षे झाली तरी वर्गणी न चुकता पाठवणारे लोक या वर्गात येतात. अशाच लोकांनी एका शहरात एक कला कशी सांभाळली, त्यात त्यांचे काय चुकले आणि अखेर काय साधले, याची हकिकत आज सांगायची आहे. शहर आहे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स आणि कला आहे जॅझ.

जॅझ हे नाव ऐकून काही पालकांना हा विषय दूरचा वाटेल. तसा तो फार दूरचा नाही. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवली जात असे. त्या शाळांतून निघालेले वादक मुंबई आणि कलकत्त्याच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि तेथून चित्रपटसंगीतात आले. ‘अलबेला’ या 1951 च्या चित्रपटातील सी. रामचंद्रांची गाणी आजही मराठी घरांत गुणगुणली जातात. त्या संगीतामागे चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा हात होता, आणि मुंबईत त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ज्याच्या नावाने ही पदवी दिली गेली तो आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्सचा. 1912 च्या वर्षअखेरीच्या रात्री रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढल्याबद्दल त्या पोराला पकडून कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. तेथे पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकांनी त्याच्या हाती कॉर्नेट दिले. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे.

त्या शहरात संगीत सभागृहात जन्मले नाही, ते रस्त्यावर वाढले. गुलामगिरी संपल्यावरही कृष्णवर्णीयांना विमा कंपन्या आणि दवाखाने यांची दारे बहुधा बंदच असत. म्हणून त्यांनी वस्तीवस्तीत परस्परसाहाय्य मंडळे काढली. सभासदाने दरमहा वर्गणी भरायची. तो आजारी पडला तर डॉक्टर आणि औषध मंडळाचे, आणि मरण पावला तर अंत्यविधीही मंडळाचा. त्या अंत्ययात्रेला पितळी वाद्यांचा बँड असे. चर्चपासून दफनभूमीपर्यंत बँड संथ लयीत प्रार्थनागीते वाजवी आणि ढोलाचा आवाज मुद्दाम दबलेला ठेवी. दफन झाल्यानंतर, परतीच्या वाटेवर, ढोल मोकळा होई आणि मृताच्या आत्म्याला निरोप देणारी उल्हसित गाणी सुरू होत. यात्रेत पुढे बँड आणि मंडळाचे सभासद चालत, ती पहिली रांग. त्यांच्या मागे ओळखीचे-अनोळखी, लहानथोर, जे कोणी सुरांच्या ओढीने चालू लागत, ती ‘दुसरी रांग’. दिंडीमागून चालता चालता टाळ हाती घेणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. न्यू ऑर्लिन्सचे कितीतरी वादक आधी दुसऱ्या रांगेतले पोर होते.

1948 मध्ये या शहरातील काही हौशी मंडळींनी ‘न्यू ऑर्लिन्स जॅझ क्लब’ स्थापन केला. संस्थापकांत जॉनी विग्ज हे कॉर्नेटवादक होते, ते शाळेत रेखाकामाचे शिक्षक होते. एडमंड सूशाँ हे पेशाने डॉक्टर, आणि गिटार-बँजो वाजवण्यात रमणारे. त्या काळी जॅझचे केंद्र शिकागो, न्यूयॉर्ककडे केव्हाच सरकले होते. जन्मगावी उरलेले जुने वादक गोदीवर ओझी वाहत होते, गवंडीकाम करत होते. क्लबने महिन्याच्या बैठका सुरू केल्या. जुन्या तबकड्या ऐकायच्या, त्यांच्याविषयी बोलायचे, वादकांना बोलावून मैफल करायची, असा त्यांचा क्रम असे. 1950 पासून क्लबने आपले नियतकालिक काढले आणि त्याला नाव दिले ‘द सेकंड लाइन’, म्हणजे दुसरी रांग. श्रोत्यांच्या संस्थेला याहून नेमके नाव मिळाले नसते. पुण्यात 1874 मध्ये गायन समाज स्थापन करणाऱ्यांनी जी गरज ओळखली होती, तीच यांनी ओळखली. गाणाऱ्याला ऐकणारा लागतो, आणि ऐकणाराही घडवावा लागतो.

येथे या संस्थेची एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण गौरवग्रंथात उणिवा झाकण्याची रीत असली तरी त्याने कोणाचेही भले होत नाही. जॅझ मुख्यतः कृष्णवर्णीयांनी घडवला. त्याचे रसिकमंडळ मात्र गोऱ्यांनी काढले, आणि तेही ज्या शहरात दोन्ही वर्णांच्या लोकांनी एकत्र बसणे कायद्याला मंजूर नव्हते अशा शहरात. 1956 मध्ये लुइझियाना राज्याने हे निर्बंध आणखी कडक केले. आर्मस्ट्राँग यांच्या वादकसंचात गोरे आणि काळे दोन्ही होते. अशा संचाला जन्मगावात वाजवता येत नसेल तर आपण तेथे वाजवणारच नाही, असे त्यांनी ठरवले आणि ते पाळले. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा 1964 मध्ये झाल्यानंतरच, 1965 मध्ये, त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या मंचावर पुन्हा पाऊल ठेवले. रसिकता मनापासूनची असली तरी ती ज्यांच्या कष्टावर उभी आहे त्यांना दाराबाहेर ठेवू शकते, हे त्या नऊ वर्षांनी दाखवून दिले. याच काळात, 1961 मध्ये, त्याच शहरात ‘प्रिझर्वेशन हॉल’ सुरू झाला. एका जुन्या चित्रदालनाच्या साध्या खोलीत, बाकांवर आणि जमिनीवर बसून, दोन्ही वर्णांचे श्रोते वृद्ध कृष्णवर्णीय वादकांना ऐकू लागले. तेथे मद्य विकले जात नसे आणि नाचासाठी जागा नव्हती. लोक केवळ ऐकायला येत.

जॅझ क्लबनेही त्याच वर्षी एक मोठे काम केले. सभासदांनी वर्षानुवर्षे जमवलेली वाद्ये, तबकड्या, छायाचित्रे आणि पत्रे यांचे संग्रहालय डुमेन मार्गावर उघडले. सुधारगृहातल्या त्या पोराचे कॉर्नेटही आज या संग्रहात आहे. संग्रहालय चालवणे हौशी मंडळाला जड गेले. जागा बदलाव्या लागल्या, पैसा पुरेना. शेवटी 1977 मध्ये क्लबने सगळा संग्रह राज्याच्या संग्रहालयाला देऊन टाकला आणि तो शहरातील जुन्या टांकसाळीच्या इमारतीत स्थिरावला. आयुष्यभर जमवलेला ठेवा स्वतःच्या नावाचा आग्रह न धरता सुरक्षित हाती सोपवणे हे सेवेचेच एक रूप आहे.

पण या संग्रहालयाचे सर्वांत मोठे देणे कपाटांत ठेवलेल्या वस्तूंमध्ये शोधू नये. 1965 मध्ये तेथे सहायक म्हणून एक गृहस्थ रुजू झाले. त्यांचे नाव डॅनी बार्कर. जन्म 1909 चा, याच शहरातला. आजोबा पितळी बँडमध्ये वाजवणारे, मामा पॉल बार्बारिन नामवंत ढोलवादक. बार्कर स्वतः बँजो आणि गिटार वाजवत. 1930 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, कॅब कॅलोवे यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात अनेक वर्षे वाजवले आणि पस्तीस वर्षांनी गावी परतले. संग्रहालयात येणाऱ्यांना ते जुन्या वादकांच्या गोष्टी सांगत. गोष्टी सांगता सांगता त्यांना एक गोष्ट खुपू लागली. कपाटांतली वाद्ये वाढत होती आणि रस्त्यावरचे वादक कमी होत होते. 1968 च्या अखेरच्या दिवशी क्लॅरिनेटवादक जॉर्ज लुईस गेले. पुढच्याच वर्षी, मिरवणुकीत ढोल वाजवता वाजवता, पॉल बार्बारिन कोसळले ते उठलेच नाहीत. तरुण मुलांना हे संगीत आजोबांच्या काळचे, जुनाट वाटत होते.

1970 च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या धर्मोपदेशकांनी बार्कर यांना वस्तीतल्या मुलांचा एक बँड उभारण्याची विनंती केली. चर्चजवळच्या एका घराच्या गॅरेजमध्ये लेरॉय जोन्स हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा ट्रंपेटचा सराव करत असे. बार्कर यांनी आरंभ त्याच्यापासून केला. मित्रांनी मित्र आणले. ज्यांना स्वर लावता येत नव्हता त्यांनाही बार्कर यांनी परत पाठवले नाही. वाजवण्याबरोबर ते चालणे शिकवत, पोशाख शिकवत आणि शोकाच्या प्रसंगी कसे उभे राहावे हेही शिकवत. आठ-नऊ वर्षांचा विंटन मार्सालिस या मुलांत होता. पुढे 1997 मध्ये जॅझच्या रचनेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणारा तो पहिला संगीतकार ठरला.

चांगल्या कामाला विरोध होत नाही असे समजण्याचे कारण नाही. मुलांचा बँड मागणी मिळवू लागला तेव्हा व्यावसायिक वादकांच्या संघटनेतून तक्रारी आल्या. बार्कर मुलांकडून काम करून घेतात, असा ठपका ठेवला गेला. 1974 मध्ये त्यांनी स्वतः बाजूला होणे पसंत केले. मुलांनी मात्र वाद्ये खाली ठेवली नाहीत. लेरॉय जोन्सच्या पुढाकाराने ‘हरिकेन ब्रास बँड’ उभा राहिला. त्याच परंपरेतून 1977 मध्ये ‘डर्टी डझन ब्रास बँड’ आला, आणि मावळू लागलेली ती वाद्यपरंपरा शहराच्या रस्त्यांवर पुन्हा तरुण झाली.

ही तरुणाई वृद्ध शिक्षकाला सर्वस्वी रुचली असे मात्र नाही. नव्या बँडांनी लय वाढवली, नवे संगीत मिसळले, याचे त्यांना फारसे वावगे नव्हते. दुःख झाले ते अंत्ययात्रांमधली शिस्त गेली याचे. संथ प्रार्थनागीते मागे पडली, पोशाख सैल झाला, दफनाआधीच नाचाची गाणी सुरू होऊ लागली. ज्या माणसाने बँड जगवला, त्यानेच शेवटी सांगितले की आपल्या अंत्ययात्रेला बँड नको.

मार्च 1994 मध्ये बार्कर गेले. तेव्हा त्यांच्याच मुशीतून घडलेले ट्रंपेटवादक ग्रेग स्टॅफर्ड त्यांच्या पत्नीकडे, गायिका ब्लू लू बार्कर यांच्याकडे, गेले. जुन्या रीतीप्रमाणे, पूर्ण मर्यादेने यात्रा काढू, असा शब्द त्यांनी दिला. तो शब्द मानला गेला. शहरातले वादक पारंपरिक काळ्या पोशाखात जमले. संथ पावलांनी, संथ सुरांत ते आपल्या गुरूला दफनभूमीपर्यंत घेऊन गेले, आणि ढोल मोकळा झाला तो त्यानंतरच. त्यांच्या मागे दुसरी रांग चालत होती.

शिक्षकाला मिळणारी गुरुदक्षिणा याहून मोठी कोणती असेल? विद्यार्थी नामवंत झाले, याचा आनंद आहेच. पण शिक्षकाचा ज्या गोष्टीवरचा विश्वास उडाला होता, ती गोष्ट विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी पुन्हा उभी केली, हे त्याहून अधिक आहे.

या हकिकतीतून परप्रांतातील मराठी शाळेने घ्यावे असे बरेच आहे. येथेही भाषेचे केंद्र दूर आहे. येथेही पटसंख्येची चिंता दर जूनमध्ये डोके वर काढते आणि ‘मराठी शिकून काय मिळणार’ हा प्रश्न घरातूनच विचारला जातो. अशा वेळी ग्रंथालयातली कपाटे भरलेली असणे पुरेसे नाही. गॅरेजमध्ये एकट्याने सराव करणारे मूल कोणी तरी हेरावे लागते. बाहेर ठेवले गेलेल्यांसाठी दार उघडावे लागते, मग त्यांच्या घरची भाषा मराठी असो वा नसो. आणि मुलांनी आपल्या पद्धतीने थोडा वेगळा ताल धरला, तर त्यांना वाद्य खाली ठेवायला सांगण्याची घाई करता येत नाही.

साठ वर्षे ही शाळा पहिल्या रांगेतल्यांनी चालवली आणि दुसऱ्या रांगेतल्यांनी जगवली. आज या सभागृहात बसलेले माजी विद्यार्थी आणि पालक ही ती दुसरी रांग आहे. पुढे जूनमध्ये पहिलीच्या वर्गात जी मुले येतील, त्यांना मागे वळून पाहिल्यावर ही रांग चालताना दिसावी, एवढीच या महोत्सवाच्या निमित्ताने इच्छा.