हिशेब विचारणारी बाई

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'मनोरंजन आणि लोकमानस' असा विषय दिला होता. विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर बोलणारा माणूस बहुधा काहीच न सांगता खाली बसतो. म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेतला आहे. २००८ ते २०१३ या काळात अमेरिकेत 'ब्रेकिंग बॅड' नावाची ६२ भागांची एक दूरचित्रवाणी मालिका दाखविली गेली. कथा गुन्हेगारीची, भीषण, आणि तरीही ठायी ठायी हसविणारी. मला बोलावयाचे आहे ते मालिकेपेक्षा तिच्या चाहत्यांविषयी. दर आठवड्याला नवा भाग पाहून झाला की ही मंडळी आपापसांत काय बोलत, कोणावर संतापत आणि कोणाला क्षमा करीत, हा माझा विषय आहे. आपल्याकडची तरुण मुलेही आता ही मालिका पाहतात आणि तिच्यावर तावातावाने वाद घालतात. तेव्हा विषय अगदीच परका राहिलेला नाही.

पक्षाच्या अभ्यासवर्गात असल्या गोष्टींचे काय काम, असे काही ज्येष्ठांच्या मनात आले असेल. त्यांना मी एवढेच स्मरण देतो की बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा या महाराष्ट्रात वाचल्या गेल्या, आणि त्या लपूनछपून वाचणाऱ्यांत आपल्या चळवळीत पुढे आलेली कित्येक मुले होती. त्या मुलांशी त्या पुस्तकांविषयी कोणी बोलले नाही. नाक मात्र पुष्कळांनी मुरडले.

कथानक थोडक्यात सांगतो. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शाळामास्तर राहतो. पगारात भागत नाही म्हणून शाळा सुटल्यावर तो मोटारी धुण्याच्या केंद्रात काम करतो, आणि पहिल्याच भागात आपल्याच एका विद्यार्थ्याच्या मोटारीची चाके गुडघ्यावर बसून पुसताना दिसतो. मुलगा अपंग, पत्नी गरोदर. पन्नाशी भरते त्याच सुमारास फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. मग जेसी पिंकमन या जुन्या, उनाड विद्यार्थ्याला हाताशी धरून तो मेथ नावाचे अमली रसायन तयार करू लागतो. मालिकेचा निर्माता व्हिन्स गिलिगन याने आपला हेतू कधी लपविला नाही. एका सौम्य शिक्षकाचा टोळीप्रमुख कसा होत जातो, हेच त्याला दाखवावयाचे होते.

आता यातील विनोद कसा काम करतो ते पाहू. दुसऱ्याच भागात एका प्रेताची विल्हेवाट लावावयाची असते. मास्तर सांगतात की आम्लासाठी अमुक प्रकारचे प्लॅस्टिकचे पिंप आण. शिष्य कंटाळा करतो आणि घरातल्या न्हाणीच्या टबातच आम्ल ओततो. टब विरघळतो, लाकडी जमीन विरघळते, आणि सगळा राडा छतातून खालच्या मजल्यावर कोसळतो. प्रेक्षक हसतो. वर्गात लक्ष न देणाऱ्या ढ मुलाची फजिती झाली म्हणून हसतो, आणि त्या हसण्यात ते एका माणसाचे शरीर होते हे विसरतो. एकदा हसला की तो मास्तरांच्या बाजूचा झाला. विनोदाने माणसाला सामील करून घेता येते, ही गोष्ट प्रचारकांना ठाऊक असते. आपल्याला ती फारशी ठाऊक नाही.

असा सामील झालेला प्रेक्षक आठवडाभर एकच प्रश्न विचारीत राहतो: हा आता निसटणार कसा? पाचव्या पर्वाच्या मध्यावर, २ सप्टेंबर २०१२ रोजी दाखविलेल्या भागात, वॉल्टरचा साडू हँक, जो अमली पदार्थविरोधी खात्यातला अधिकारी आहे, तो वॉल्टरच्याच घरी शौचकूपात बसलेला असताना हाताशी पडलेले व्हिटमनच्या कवितांचे पुस्तक उचलतो आणि त्यावरच्या हस्ताक्षरावरून ज्याला आपण वर्षभर हुडकीत आहोत तो गुन्हेगार कोण, हे त्याला उमगते. पुढचा भाग आला ११ ऑगस्ट २०१३ रोजी. मधल्या अकरा महिन्यांत हँक काय करील यावर किती तर्क लढविले गेले असतील याची कल्पना करा. त्याच भागात आणखी एक प्रसंग आहे. वॉल्टरची पत्नी स्कायलर त्याला एका भाड्याच्या गाळ्यात नेते आणि नोटांचा ढीग दाखविते. ती व्यवसायाने हिशेबनीस. पण हा पैसा तिला मोजताही येत नाही, ती नुसता रचून ठेवते. तिचे विचारणे एवढेच की आणखी किती मिळाले म्हणजे पुरे होईल. मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या आरंभी या गृहस्थाने गाड्यांच्या तळावर उभे राहून तोंडी हिशेब केला होता: मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, सगळे मिळून ७ लाख ३७ हजार डॉलर. शेवटी जमिनीत पुरलेला पैसा निघतो तो सुमारे ८ कोटी डॉलरचा. गरज कोठे संपली आणि हाव कोठे सुरू झाली, हे या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी आहे. समाजवादी कार्यकर्त्याने पाहावा असा प्रसंग मला विचाराल तर तो नोटांच्या ढिगाचा. पण चर्चा रंगावी ती शौचकूपाची, हेही कथेच्या बांधणीतच होते.

ही बांधणी केवळ कलावंताची नव्हे, धंद्याचीही असते. पहिला भाग सुमारे १४ लाख लोकांनी पाहिला होता, आणि २९ सप्टेंबर २०१३ चा अखेरचा भाग एक कोटीहून अधिक लोकांनी. शेवटच्या आठ भागांच्या वेळी एएमसी या वाहिनीने 'टॉकिंग बॅड' नावाचा स्वतंत्र कार्यक्रमच लावला. भाग संपल्यावर त्या भागाविषयी गप्पा, आणि त्या गप्पांच्या मध्ये जाहिराती! म्हणजे चाहत्याचे बोलणे हाही माल झाला. पूर्वी चावडीवरच्या गप्पा तरी फुकट होत्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या मालिकेत माणसे मारणारे पुष्कळ आहेत, विष विकणारे पुष्कळ आहेत. २००९ साली दाखविलेल्या एका भागात जेसीची मैत्रीण नशेच्या झोपेत उलटी होऊन गुदमरू लागते. वॉल्टर बिछान्याशी उभा असतो. तो हात पुढे करतो आणि मागे घेतो. ती त्याच्या डोळ्यांदेखत मरते. यालाही समर्थन देणारे चाहते निघाले. परंतु लोकांचा सर्वांत कडवा द्वेष कोणाच्या वाट्याला आला? स्कायलरच्या. तिच्याविरुद्ध हजारोंनी माणसे गट करून उभी राहिली. हा द्वेष पात्रावरून उतरून नटीवर आला. ॲना गन या अभिनेत्रीने ऑगस्ट २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून याला वाचा फोडली. आपल्याला ठार मारण्याची भाषा कोणीतरी केल्याचेही तिने त्यात नमूद केले.

या बाईचा अपराध काय? तिने नवऱ्याला विचारले की तू कोठे होतास, हा दुसरा फोन कोणाचा, हा पैसा आला कोठून. ती सती-सावित्री मुळीच नाही. पुढे ती स्वतः मोटारी धुण्याचे तेच केंद्र विकत घेऊन नवऱ्याचा काळा पैसा पांढरा करते, आणि त्याआधी तिने आपल्या मालकाच्या खोट्या हिशेबांकडे डोळेझाक केलेली असते. तथापि लोक तिच्यावर चिडले ते या पापांसाठी नव्हे. चिडले ते तिने रंगाचा बेरंग केला म्हणून.

१५ सप्टेंबर २०१३ चा भाग पाहा. फरार झालेला वॉल्टर घरी फोन करतो आणि बायकोला अर्वाच्य बोलतो: तू नेहमी कुरकुर केलीस, माझी कधी कदर केली नाहीस, अशा आशयाचे. पोलीस ऐकत आहेत हे त्याला ठाऊक असते आणि तिला निर्दोष ठरविण्यासाठी हे नाटक चाललेले असते. बोलताना तो रडत असतो. पण ते बोल जवळजवळ तेच होते, जे तिचा द्वेष करणारे चाहते वर्षानुवर्षे बोलत आले होते. लेखकाने त्यांच्याच तोंडची भाषा उचलून गुन्हेगाराच्या तोंडी घातली होती. त्यावर काय व्हावे? काहींनी ते नाटक ओळखले, आणि काहींनी टाळ्या वाजविल्या, की शेवटी एकदाचे तिला सुनावले! 'न्यूयॉर्कर'ची तेव्हाची समीक्षक एमिली नसबॉम हिने अशा प्रेक्षकाला 'वाईट चाहता' म्हटले आहे.

हा प्रकार नवा नाही. १९७१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेत नॉर्मन लिअर याने आर्ची बंकर नावाचा वर्णद्वेष्टा म्हातारा उभा केला, तो लोकांनी त्याला हसावे म्हणून. १९७४ साली व्हिडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह होते ते आर्चीला हसत नव्हते, त्याचे कौतुक करीत होते. म्हणजे उपहासाने लोक शहाणे होतात हा आपला जो भाबडा विश्वास आहे, त्याला तेथे तडा गेला.

एवढे झाल्यावर आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणेल की हे सगळे वरवरचे, खरा गुन्हेगार अमेरिकेची आरोग्यव्यवस्था. २००८ साली त्या श्रीमंत देशात सुमारे ४ कोटी ६० लाख माणसे विम्याविना होती, हे खरे आहे. वॉल्टरला शिक्षक म्हणून विमा असतो, पण चांगल्या डॉक्टरचा खर्च त्यात बसत नाही, हेही खरे. परंतु मालिकेचा पाचवा भाग हे उत्तर आपल्याला इतके स्वस्तात पचू देत नाही. वॉल्टरने तरुणपणी मित्रांबरोबर एक कंपनी काढली होती आणि आपला हिस्सा अवघ्या ५ हजार डॉलरना विकून तो बाहेर पडला होता. ती कंपनी पुढे अब्जावधींची झाली. तेच मित्र आता त्याला नोकरी देऊ करतात, विमा देऊ करतात, उपचारांचा सारा खर्च देऊ करतात. तो नाही म्हणतो आणि मेथ शिजवायला जातो. तेव्हा हा माणूस पैशाअभावी गुन्हेगार झाला असे म्हणता येत नाही. मानभंगाने झाला. अखेरच्या भागात तो स्वतःच पत्नीजवळ कबूल करतो की कुटुंबासाठी नव्हे, हे सारे मी माझ्यासाठी केले. पाच वर्षे चाहत्यांनी त्याच्या वतीने जो बचाव मांडला होता, तो आरोपीनेच काढून घेतला.

तरीही मी आपल्या बाजूने एक गोष्ट मांडू इच्छितो. मित्राची मदत घेणे त्याला अपमानाचे वाटते, कारण ती भीक असते. देणाऱ्याच्या चेहऱ्यावरची करुणा त्याला सोसत नाही. उपचार हा हक्क असता तर तेथे करुणेचा प्रश्नच आला नसता. तो रुग्णालयात गेला असता आणि कोणाचे उपकार न मानता घरी आला असता. त्याचा अहंकार तेवढ्याने नाहीसा झाला असता असे मी म्हणत नाही. तो माणूस दुसरे काहीतरी निमित्त शोधता. पण निमित्त तरी त्याला शोधावे लागले असते. आणि पाहा, शेवटी उरलेले सुमारे ९७ लाख डॉलर मुलांपर्यंत पोचविण्यासाठी तो त्याच मित्रांना धाक घालतो, की हा पैसा तुमचा दानधर्म म्हणून द्या. ज्या दानाला त्याने लाथ मारली त्याच दानाचा मुखवटा त्याला शेवटी लागतो. यापेक्षा काळा विनोद त्या मालिकेत नाही.

जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाची मला येथे आठवण होते. गिरणी संपानंतरचे ते घर. त्यातला एक मुलगा, नरू, टोळीत जातो. पण नाटक नरूच्या मागे धावत नाही. ते घरातच थांबते, आईपाशी, आणि त्यामुळे प्रेक्षकाला नरू निसटणार कसा असा प्रश्न पडत नाही. कथा कोणाच्या खांद्यावरून पाहावयाची, हे ठरले की पुष्कळसे ठरून जाते. 'ब्रेकिंग बॅड' स्कायलरच्या बाजूने सांगितली असती तर? कोणी एक कोटी लोक जमले नसते, हे उघड आहे.

जाता जाता एक गोष्ट, जी चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच येते. या मालिकेचे पहिले पर्व ९ भागांचे ठरले होते, ते ७ भागांतच संपले, कारण नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ अमेरिकेतील पटकथालेखक संपावर होते. २०२३ साली लेखक पुन्हा १४८ दिवस संपावर गेले, जुलैपासून नटही गेले. त्या ऑगस्टमध्ये वॉल्टर आणि जेसी यांची कामे करणारे ब्रायन क्रॅन्स्टन आणि ॲरन पॉल संपकऱ्यांच्या फलकांखाली उभे होते. नेटफ्लिक्सवर ही मालिका चालते त्याबद्दल आपल्याला काहीच मिळत नाही, असे ॲरन पॉलने त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले. हिशेब तेथेही मागितला जात होता.

आपल्या तरुणांशी यावर कसे बोलावे, असे मला संयोजकांनी खासगीत विचारले. उपदेश करू नये, एवढे मला कळते. ही मुले वॉल्टरवर खूश असतील तर असू द्या. स्कायलरचा राग का येतो, एवढे मात्र विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तेवढ्यात आपल्याही संस्थेत, पतपेढीत, शाखेत वार्षिक सभेला उठून जमाखर्च विचारणारी एखादी बाई असेल, तिच्याविषयी चहाच्या वेळी आपण काय बोलतो ते आठवून ठेवा. मुले उलट विचारतील.

आज रात्री जेवणानंतर पहिल्या पर्वाचा पाचवा भाग दाखविण्याचे ठरले आहे. त्यात कुटुंबातील सारी माणसे एक उशी हातोहात फिरवून, जिच्या हाती उशी तिने बोलावयाचे अशा नियमाने, वॉल्टरने उपचार घ्यावेत की नाहीत याचा निर्णय करू पाहतात. पुष्कळ हसाल. नंतरच्या चर्चेत मी बोलणार नाही. बोलण्याचा आरंभ मागच्या रांगेत बसलेल्या भगिनींनी करावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.