वैशाखातील शाल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला परिषदेत दिलेले व्याख्यान)



भर वैशाखात पंखा बंद करावयास सांगणारी एखादी बाई पुष्कळ घरांत असते. आमच्या घरी ती माझी थोरली वहिनी. त्या शाल ओढून बसत आणि आम्ही थट्टा करीत असू. पुढे आवाज घोगरा झाला, केस विरळ झाले, अंग जड झाले, बद्धकोष्ठ जडले. आम्ही म्हणालो, वय झाले. मी व्यवसायाने डॉक्टर. तीन वर्षे त्यांच्या हातचे जेवलो, पण त्यांची नाडी एकदाही पाहिली नाही. पाहिली तेव्हा ती मिनिटाला ५२ होती.

गळ्याच्या पुढील भागी अवटु, म्हणजे थायरॉइड, नावाची ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की शरीराची चूल मंदावते. म्हणून थंडी सोसत नाही. १८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल यांनी या विकाराचे वर्णन केले, तेही प्रौढ स्त्रियांवरूनच. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी अशाच एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती १९१९ पर्यंत जगली. आज रक्ताची टी.एस.एच. तपासणी आणि रोज सकाळी अनशापोटी थायरॉक्सिनची एक गोळी, एवढ्यावर भागते. चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. लोहाची गोळी चालू असल्यास चार तासांनी. अर्थात प्रत्येक हुडहुडी याच कारणाची नसते. पंडुरोगातही हातपाय गार पडतात, आणि सर्वांस वाढून उरलेसुरले खाणाऱ्या आपल्या भगिनींत तो काही दुर्मीळ नाही.

आता थोडे अप्रिय बोलतो. वधूवर-सूचीच्या अर्जात ‘प्रकृती’ या सदरात सर्वच मुली ‘उत्तम’ असतात. एका मुलीने सासरी कळू नये म्हणून लग्नानंतर गोळी सोडली आणि त्याच अवस्थेत तिला दिवस गेले. आरंभीच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच अवटुरसावर अवलंबून असते. त्या काळात गोळी सोडणे तर दूरच, बहुधा मात्रा वाढवावी लागते. ती माझ्याकडे आली ती रात्री, मागच्या दाराने. रोज चष्मा लावणारी मुलगी आपणांस चालते. मग रोज गोळी घेणारी का चालू नये, हे वरपक्षाकडील मंडळींनी मला सांगावे.

वहिनी पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या संमतीनेच हे सांगितले. शाल आजही त्यांच्या खांद्यावर आहे, परंतु ती मंडळाने सत्कारात दिलेली आहे.