दारासमोरच्या भिंतीला चित्र लावायचं आहे?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

धानाची कापणी-मळणी आटोपली की सालेकसा, दरेकसा, आमगाव या सगळ्या पट्ट्यात एक काम हटकून निघतं, ते म्हणजे घर नीट करण्याचं. लग्नं जवळ आलेली असतात. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते, लांबलांबून समाजबांधव येतात आणि त्यातले कितीतरी पाहुणे आपल्या घरी उतरतात. पाहुण्याची नजर आधी दारासमोरच्या भिंतीवर पडते. तिथं पूर्वी छुईचा पोतारा असायचा, नंतर चुना आला, मग ऑइलपेंट. आता गटाच्या बैठकीत मोबाईल फिरतो आणि त्यात दिसतो धबधबा, नाहीतर मोर, नाहीतर हिरवंगार जंगल, भिंतभर. बाया विचारतात, हे आपल्या घरी लागेल का? किती दिवस टिकेल?

लागतं, आणि नीट लावलं तर बरीच वर्षं टिकतं. पण ते भिंतीवर अवलंबून आहे, चित्रावर नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी भिंतीकडे जा.

तुमची भिंत मातीची असेल तर चिकटवायचं चित्र लावू नका, हे मी स्पष्टच सांगते. मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. पावसाळ्यात ती दमट होते, हिवाळ्यात वाळते, म्हणून तर ती पन्नास वर्षं उभी राहते. तिच्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवला की ओल बाहेर यायची वाट बंद होते. ती आतच साठते, माती भुसभुशीत होते आणि कागद मातीच्या खपल्यांसकट सुटून येतो. त्याहून मोठी भीती वाळवीची. उघड्या भिंतीवर वाळवीची मातेरी नळी चढली की सकाळी झाडताना आपल्याला दिसते, आपण ती मोडतो. कागदामागे ती कवेलूच्या लाकडापर्यंत पोचली तरी कळत नाही. काही जणी फ्लेक्सचं बॅनर खिळ्यांनी ठोकतात. त्यामागे पोकळी राहते, पाली आणि विंचू यांची सोय होते. मातीच्या भिंतीसाठी दुसरा उपाय आहे, तो पुढे सांगते.

भिंत विटा-सिमेंटची असेल, घरकुलाची असेल, तर लावता येईल. पण नवं प्लास्टर असेल तर घाई नको. प्लास्टरवर पाणी मारणं थांबल्यावरही ते आतून वाळायला महिना-दोन महिने लागतात. जुनी भिंत असेल तर पावसाळ्यात प्यालेलं पाणी ती दिवाळीपर्यंत तरी सोडत असते. आपण मात्र नेमके दिवाळीच्या आठ दिवस आधी दुकानात धावतो. माझं ऐकाल तर दिवाळीला नुसता रंग द्या आणि चित्र पौष-माघात लावा. भिंत तेव्हा कोरडी असते आणि ऊनही फार कडक नसतं.

भिंत वाळली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. हातभर लांब-रुंद झिल्ली घ्या, स्वच्छ, पारदर्शक. ती भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि एक दिवस, एक रात्र तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी झिल्लीच्या आतल्या बाजूला घाम दिसला, किंवा तेवढाच भाग काळपट झाला, तर भिंतीत पाणी आहे. ही परीक्षा दोन ठिकाणी करा, एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा खाली जोत्याजवळ. खालचा निकाल बहुतेक वेळा वेगळा येतो, कारण जमिनीतली ओल विटांमधून वर चढते. जिथं पांढरी पावडर फुलून येते, आपण लोणा लागला म्हणतो, तिथं कोणताही गोंद धरत नाही.

दुसरी परीक्षा चुन्याची. भिंतीवर तळहात घासा. हात पांढरा झाला तर चित्र भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटेल, आणि भुकटीसकट गळून पडेल. असा चुना पत्र्याने खरडावा लागतो, ओल्या फडक्याने पुसावा लागतो, खड्डे पुट्टीने भरून वाळल्यावर सॅंडपेपरने घासावे लागतात आणि वर प्रायमरचा एक हात द्यावा लागतो. चित्र लावण्यापेक्षा ही तयारीच जास्त वेळ खाते. दुकानदार हे सांगत नाही, कारण तो चित्र विकतो.

आता मापाचं बोलू. पैसे इथंच जातात, म्हणून वही-पेन घ्या. बाजारात जे छापील रोल मिळतात ते साधारण २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतात. त्यावर ५७ चौरस फूट लिहिलेलं असतं. समजा तुमची भिंत ८ फूट रुंद, ७ फूट उंच आहे. ८ गुणिले ७ म्हणजे ५६. दुकानदार म्हणेल, ताई, एक रोल पुरला. पण पुरत नाही. वर-खाली कापायला तीन-तीन इंच सोडले तर प्रत्येक पट्टी साडेसात फुटांची लागते. ३३ फुटांत अशा चारच पट्ट्या निघतात आणि चार पट्ट्यांची रुंदी होते ८४ इंच, म्हणजे ७ फूट. एक फूट भिंत उघडी राहिली, तिच्यासाठी दुसरा रोल.

इथं आपल्या जुन्या बायांची एक पद्धत कामी येते. जुन्या घरांत भिंतीचा खालचा भाग गेरूने किंवा काळ्या-निळ्या रंगाने वेगळा पोततात. शोभा तर आहेच, पण खालच्या भागाला पाण्याचे शिंतोडे लागतात, झाडू लागतो, लेकरांचे पाय लागतात, तोच भाग दर वर्षी नव्याने पोतायचा असतो. तुम्हीही खाली अडीच फुटांचा पट्टा रंगाचा ठेवा आणि चित्र त्याच्या वर साडेचार फूट लावा. आता पट्टी लागेल पाच फुटांची. ८ फुटांच्या भिंतीला पाच पट्ट्या, म्हणजे २५ फूट. त्याच एका रोलमध्ये आठ फूट उरतात, ते फुलाला फूल जुळवायला कामी येतात. रोल एक वाचला आणि कागद ओलीच्या जागेपासून दूर राहिला.

पूर्ण भिंतीचं एकच मोठं दृश्य हवं असेल तर ते मापाने छापून घ्यावं लागतं. गोंदियात, आमगावात फ्लेक्स छापणाऱ्यांकडे विचारा, काही जण चिकटवायचं कापडी किंवा विनाइल छापतात किंवा मागवून देतात. दर चौरस फुटावर असतो. तुम्हाला हाजरा धबधब्याचा स्वतःच्या मोबाईलमधला फोटो लावायचा असेल तर व्हॉट्सॲपवर आलेला फोटो देऊ नका. तो पाठवताना बारीक झालेला असतो, भिंतभर केला की पाण्याच्या जागी नुसते चौकोन दिसतात. ज्या मोबाईलने काढला त्यातलाच मूळ फोटो द्या आणि आधी त्याचा हातभर तुकडा, खऱ्या मापाचा, छापून बघा.

लावायच्या दिवशी आधी मेन स्विच बंद. स्विचबोर्डाचं झाकण सैल करून कागद त्याखाली सरकवायचा असतो, आणि ओला हात तिथं जातो. विजेचं मीटर झाकू नका. घरकुलावर योजनेचा फलक रंगवलेला असेल तर तोही उघडा ठेवा.

पहिली रेघ ओळंब्याने मारा. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा किंवा सुताला जड नट बांधा. दाराच्या चौकटीवर किंवा कोपऱ्यावर भरवसा ठेवू नका, ते क्वचितच सरळ असतात. पहिली पट्टी बोटभर तिरकी लागली तर पाचव्या पट्टीपर्यंत मोर उताणा पडतो. मागे गोंद असलेला कागद असेल तर मागचा पांढरा कागद एकदम ओढू नका. वरचा वीतभर सोडवा, रेघेला लावा, मग एकीने खालून हळूहळू ओढायचं आणि दुसरीने मऊ फडक्याने मधून कडेकडे दाबत यायचं. हे एकटीचं काम नाही. फुगा राहिला तर ओढून काढायला जाऊ नका, सुईने टोचा आणि हवा बाहेर दाबा. पेस्टचा कागद असेल तर पाकिटावर लिहिलंय तसंच करा. काही कागदांना पेस्ट पाठीवर लावून थोडा वेळ भिजू द्यावी लागते, काहींना ती भिंतीवर लावतात.

कुणी म्हणेल, पेस्ट कशाला, घरी पिठाची खळ करतो. खळ चिकटते, पण पावसाळ्यात तिला बुरशी लागते आणि झुरळं तिच्यासाठी येतात. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद टाकतात, ते खरं. पण मोरचूद विषारी असतं. भिंत चाटणारी लेकरं ज्या घरात आहेत तिथं मी ते कधीच सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट. प्लास्टिकचं चित्र पेट घेतं आणि त्याचा धूर वाईट असतो. दाराशी जिथं दिवा ठेवता, दिवाळीत पणत्यांची रांग लावता, त्या कोनाड्याभोवती हातभर जागा मोकळी सोडा. चुलीच्या भिंतीवर तर लावूच नका. छपरी समोरून उघडी असेल, पावसाची झड आत येत असेल, तर तिथंही नको, दार उघडल्यावर आत समोर दिसते ती भिंत घ्या.

आता मातीच्या भिंतीवाल्या बहिणींसाठी. त्यांना मी कमी प्रतीचं काही सुचवते आहे असं समजू नका. आज बाजारात वारली चित्रांचे रोल मिळतात, पांढऱ्या माणसांच्या रांगा, गोल नाच. पालघर-डहाणूकडे ते चित्र लग्नघरी सवाशिणी काढायच्या, सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, आणि मध्ये देवीचा चौक. ते कायम ठेवायचं नव्हतंच, लग्नापुरतं होतं. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे बायांच्या हातातली गोष्ट कारखान्यात गेली आणि आता आपल्यालाच चौरस फुटाच्या भावाने परत येते.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. मंडला-दिंडोरीकडच्या गोंड घरांत बाया सणाला, लग्नाला जमिनीवर आणि भिंतीवर डिगना काढतात. दुर्गाबाई व्याम लहानपणी आजीकडून ते शिकल्या. पुढे त्याच रेषांतून त्यांची चित्रं आणि पुस्तकं झाली, २०२२ साली पद्मश्री मिळाली. भुरीबाई या झाबुआकडच्या भिल्ल. भोपाळचं भारत भवन बांधलं जात होतं तेव्हा त्या तिथं मजुरी करत होत्या. जगदीश स्वामीनाथन या चित्रकारांनी तिथं काम करणाऱ्या बायांना विचारलं, तुमच्या घरी काढता तसं इथं काढाल का? भुरीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मी पुरस्कारासाठी हे सांगत नाही. भिंत पोतणाऱ्या हाताला रेघ मारता येते, एवढंच दाखवायचं आहे.

मातीच्या भिंतीवर रंगही मातीचेच शोभतात. छुईचा पांढरा, गेरूचा लाल, कोळशाचा काळा. आधी सारवून पूर्ण वाळू द्या. बांबूची काडी टोकाला ठेचली की ब्रश झाला. रंगात थोडा डिंक टाकला तर हात लावल्यावर कमी सुटतो. झाड काढा, वावर काढा, आपली बांधी काढा. पुढच्या वर्षी सारवलं की ते जाईल, आणि पोरगी मोठी झाली असेल तर पुढचं ती काढेल.

शेवटी पैशाचं. गटात एक प्रश्न आला होता की या कामासाठी अंतर्गत कर्ज द्यावं का. माझं मत नाही असं आहे. बियाणं, दवाखाना, शाळा यांच्या रांगेत भिंतीचं चित्र बसत नाही, साठवून करा. पण दुसऱ्या बाजूनेही एक सांगते. घरकुल बहुतेक ठिकाणी बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे असतं. कागद काढून बघा. घरावर तुमचं नाव असेल तर समोरच्या भिंतीवर काय असावं हे विचारल्याशिवाय कुणी ठरवू नये, सासऱ्यांनीही नाही आणि शहरातून आलेल्या दिराने तर नाहीच. आणि सासूबाईंना छुईच आवडत असेल तर दारासमोरची भिंत तुमची, छपरीची त्यांची, असाही तोडगा निघतो. दोन-तीन घरांत मी तो बघितला आहे, चांगला दिसतो.

चित्र लावून झालं की उरलेला तुकडा फेकू नका. गुंडाळून, सरळ उभा, कोरड्या जागी ठेवा, आणि त्यावर दुकानाचं नाव आणि रोलचा नंबर लिहा. कोपरा फाटला, खाट घासली, तर तेवढाच चौकोन कापून त्याच तुकड्यातला बसवता येतो. नंतर दुकानात गेलात तर तोच रंग मिळेलच असं नाही.