कागद नसलेल्या माणसांचा दवाखाना

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च वाचून दाखवितो. यंदाचा ताळेबंद अहवालाच्या मागील पानांवर लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीसह छापला आहे. तो सर्वांना पाहता येईल. आज त्याऐवजी एका डॉक्टर महिलेचे स्मरण करण्याची अनुमती आम्ही अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती दिली. डॉ. सिंथिया माँग हे त्यांचे नाव. त्या हयात आहेत. पण स्मरण केवळ दिवंगतांचेच करावे असा काही दंडक नाही.

ब्रह्मदेश म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मंडालेचा तुरुंग उभा राहतो. १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्यांना तेथे ठेवले गेले आणि ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. डॉ. सिंथिया यांचा प्रवास उलट दिशेचा. १९५९ साली रंगूनमध्ये एका करेन कुटुंबात त्यांचा जन्म झाला, बालपण मौलमीनला गेले. वैद्यकीय पदवी घेऊन त्या करेन प्रांतातील एका खेड्यात काम करीत होत्या. ८ ऑगस्ट १९८८ रोजी लोकशाहीसाठी देशभर उठाव झाला. १८ सप्टेंबरला लष्कराने सत्ता हाती घेऊन तो चिरडला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्या चौदा सहकाऱ्यांसह निघाल्या आणि दिवसा लपत, रात्री चालत, जंगलातून थायलंडच्या हद्दीत पोहोचल्या. खांद्यावरच्या पिशवीत थोडी औषधे, थोडी उपकरणे आणि वैद्यकाचे एक पुस्तक होते. परिस्थिती निवळली की परतू, असा त्यांचा अंदाज होता.

फेब्रुवारी १९८९ मध्ये मे सॉट या सीमेवरील गावाजवळ एका मोडकळीस आलेल्या घरात त्यांनी दवाखाना सुरू केला. उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी भात शिजवण्याचा कुकर वापरला जाई. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकातले आम्हांस कळत नाही. पण खरेदीचा विभाग सांभाळलेल्या माणसाला ही एक गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. आपल्याकडे निर्जंतुकीकरणाच्या नव्या यंत्राचा प्रस्ताव तीन समित्यांतून फिरतो, आणि फिरलाही पाहिजे, कारण पैसा आपला नाही.

सुरुवातीचे रुग्ण बहुतेक हिवतापाचे आणि उठावातून पळून आलेले विद्यार्थी. पुढे भूसुरुंगाने पाय गमावलेले शेतकरी आले, बाळंतिणी आल्या, थायलंडच्या कारखान्यांत व शेतांत राबणारे परवानगी नसलेले मजूर आले. कृत्रिम पाय बनविण्याची कार्यशाळा दवाखान्यातच उभी राहिली. वर्षाला एक लाखाहून अधिक तपासण्या आणि दोन हजारांहून अधिक बाळंतपणे होऊ लागली. डॉक्टर मोजकेच असल्याने खेड्यातल्या मुलामुलींनाच शिकवून आरोग्यसेवक केले गेले. १९९८ पासून अशा सेवकांची पथके पाठीवर औषधांची पिशवी बांधून पुन्हा सीमेपलीकडे, लढाई चालू असलेल्या भागात जाऊ लागली. त्यांतील काहींनी या कामात प्राण गमावले.

हे सेवक औषधांबरोबर एक वहीही नेत. कोणाच्या घरात किती मुले दगावली, कोणाचे गाव जाळले गेले, कोणाला सैन्याने वेठीस धरले, हे ते घरोघरी विचारून लिहीत. त्या नोंदींवरून २००६ मध्ये पूर्व ब्रह्मदेशाच्या आरोग्याविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. सक्तीचे स्थलांतर आणि वेठबिगारी जेथे अधिक, तेथे बालमृत्यू व हिवतापही अधिक, हे त्यात आकड्यांनी मांडले होते. मानवी हक्क हा शब्द आम्हांस पूर्वी व्याख्यानातला वाटे. कारकुनाने नेटाने भरलेल्या रकान्यांतून तो सिद्ध होऊ शकतो, हे आम्ही या अहवालावरून शिकलो.

कागदाचे आणखी एक काम तेथे चालते. निर्वासित आईच्या पोटी परक्या देशात जन्मलेल्या मुलाला कोणता देश आपला म्हणणार? दवाखाना प्रत्येक बाळाच्या जन्माचा दाखला देत आला. थायलंडने २००८ मध्ये कायदा बदलून आपल्या भूमीवर जन्मलेल्या सर्व मुलांच्या जन्माची नोंद करण्याची तरतूद केली, तेव्हा असे दाखले त्या नोंदीला आधार ठरले. हे करणाऱ्या डॉक्टरबाईंना स्वतःला मात्र कित्येक वर्षे कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. २००२ मध्ये त्यांना सामुदायिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच विभागातील पुरस्कार १९७९ मध्ये जामखेडच्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला होता. गावातल्या निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका करता येते, हे आरोळे दांपत्याने आपल्या दुष्काळी मुलखात आधीच दाखविले होते.

आता आम्ही हे सर्व आज का सांगत आहोत, ते बोलले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीटभट्टीवर काम करणारे एक जोडपे आपल्या दाराशी आले. बाईला दिवस भरले होते आणि रक्तस्राव सुरू झाला होता. खिडकीवरील कर्मचाऱ्याने शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला मागितला, दोन्ही नव्हते. मग अनामत रक्कम मागितली, तीही नव्हती. रिक्षा तशीच पुढे गेली. शासकीय रुग्णालयात बाई वाचली, मूल वाचले नाही. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात, आणि तातडीच्या रुग्णास तर प्रथम दाखल करून घ्यावयाचे असते. तो नियम आम्हांस तोंडपाठ आहे. कर्मचाऱ्याने मात्र आमच्या सहीचे परिपत्रक पाळले, आणि त्यात कागदपत्रांची यादी वर होती व तातडीचा अपवाद शेवटच्या ओळीत. दोष त्याचा नाही, आमचा आहे. त्या बाईचे नाव आपल्या एकाही नोंदवहीत नाही. पहारेकऱ्याच्या वहीत रिक्षाचा क्रमांक आणि वेळ तेवढी आहे.

देणगीदारांपैकी काहींचे म्हणणे आम्ही जाणतो. कागद न पाहता दाखल केले तर गरज नसलेलेही सवलत घेतील. घेतील, थोडे घेतील. मे सॉटलाही असे कोणी आले असतील. शिवाय पैशाचा प्रश्न खराच आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची परदेशी मदत अचानक गोठली, तेव्हा त्याच सीमेवरील निर्वासित छावण्यांतील दवाखाने बंद करण्याची पाळी आली आणि प्राणवायूवर असलेल्या रुग्णांना घरी पाठविले गेले. एकाच मोठ्या दात्यावर विसंबणे किती धोक्याचे, हे हिशेबनिसाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आपल्या संस्थेच्या शंभर-दोनशे रुपयांच्या पावत्यांना आम्ही मोठ्या धनादेशांइतकेच जपतो.

विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर एक ठराव आहे. तातडीच्या रुग्णास कोणताही कागद अथवा अनामत न मागता दाखल करावे. कागद मिळवून देण्याचे काम दाखल झाल्यानंतर आपल्या समाजसेवा विभागाने करावे. आणि नाकारलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव, वेळ व कारण स्वतंत्र वहीत लिहून ती वही दरमहा विश्वस्तांपुढे ठेवावी. निर्धन रुग्ण निधीतून हा खर्च भागेल की नाही, आणि तूट आली तर किती येईल, याचा आकडा आम्हांस आज देता येत नाही. जुने परिपत्रक आम्ही त्या रात्रीनंतर मागे घेतले आहे. नव्या वहीचे पहिले पान कोरे आहे, ते सभेनंतर कार्यालयात पाहावयास मिळेल. ठरावावर चर्चा व्हावी, अशी आमची विनंती आहे.